पस्तीस मिनिटांचं प्रेत

लुंबिनीला पाच मिनिटं एका जागी बसवायचं तर दोरी लागेल, असं तिच्या आईनं बालवाडीच्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आता पोरगी दहावीला आली, तरी दोरीची गरज काही संपली नव्हती. वर्गात तिचा पाय बाकाखाली शिलाई मशीनसारखा चालायचा. जेवताना ती ताट हातात घेऊन घरभर फिरायची. आणि बोलणं? सकाळी दात घासतानासुद्धा, तोंडात ब्रश आणि फेस घेऊन, तिचं काहीतरी सांगणं चालूच असायचं. ऐकणारा असो नसो.

अशा पोरीला आनंदराज सरांनी नाटकात कोणतं काम द्यावं?

प्रेताचं.

"सर, चेष्टा करून राहिले का?" लुंबिनीनं विचारलं.

"मी आगारात पण चेष्टा करत न्हाई अन् इथं पण न्हाई," सर म्हणाले. "पस्तीस मिनिटं पडायचं. बस."

आनंदराज सर नांदेडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. दिवसभर भोंग्यावरून गाड्या पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता, की घरी मीठ मागितलं तरी शेजारचे सामान घेऊन उठतील. संध्याकाळी सहा वाजले की ते महापालिकेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये यायचे, वरच्या कबुतरांना हाकलायचे आणि 'खटपट नाट्यमंडळा'ची तालीम सुरू करायचे. तिथंही सवय सुटायची नाही. "ज्यांची एन्ट्री आहे त्यांनी डाव्या विंगेत येऊन थांबावं, नाटक कुणासाठी थांबणार न्हाई!"

या वेळचं नाटक सरांनीच लिहिलं होतं. 'एक तिरडी, दोन दारं'. एका घराच्या दोन वाटण्या झाल्यात, मधे भिंत, दोन भावांची दोन दारं. आई मेलीय आणि अंगणात तिचं प्रेत ठेवलंय. तिरडी कुणाच्या दारातून निघणार, यावरून दोघं भाऊ पस्तीस मिनिटं भांडतात. मोठा भाऊ उमाशंकर काका; वजिराबादेत त्यांचं भांड्यांचं दुकान. धाकटा अश्वजित, पॉलिटेक्निकला जाणारा, टवाळ. मोठ्याची बायको वर्षाताई. तरोडा नाक्यावर तिचं ब्यूटी पार्लर, त्यामुळं सगळ्यांची रंगरंगोटीही तिच्याकडंच. आणि मधोमध, पांढऱ्या कापडाखाली, नाकात कापसाचे बोळे घालून, आई. म्हणजे लुंबिनी.

ती कधीच हो म्हणाली नसती. पण सरांच्या पिशवीत दुसरी एक वही होती. पुढच्या नाटकाची. 'भोकर गाडी' नावाच्या त्या नाटकात गंगा नावाची कंडक्टर होती, आणि ही गंगा बावीस पानं तोंड मिटत नव्हती. चालकाशी भांडायची, कोंबडी घेऊन चढलेल्या म्हातारीला अर्धं तिकीट द्यावं का पाऊण यावर भाषण करायची, शेवटी भर घाटात बंद पडलेली गाडी नुसत्या बोलण्यावर चालू करायची. सरांनी एकदा सगळ्यांना ती वाचून दाखवली. तेव्हापासून लुंबिनीला झोप नव्हती. ही आपल्यासाठीच लिहिली, यात तिला काही शंका उरली नव्हती.

शंका सरांना होती. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून एक मुलगी होती. दीपमाला, लुंबिनीच्याच वर्गातली. बस म्हटलं की बसणारी, ऊठ म्हटलं की उठणारी, मध्ये एक शब्द न बोलणारी.

"गंगाचं काम मला पाहिजे, सर."

"मग मर आधी," सर म्हणाले. "लातूरच्या स्पर्धेत पस्तीस मिनिटं मेलेली राहा. हलली न्हाई, बोलली न्हाई, तर गंगा तुझी. हलली नायतर बोलली, तर दीपमालाची. गप पडून समोरच्याचं ऐकता येत न्हाई, त्याच्या हातात मी बावीस पानं देत नसतो."

"लेखी देता?"

"एसटीचा माणूस हाय मी. वेळापत्रक पाळतो."

पहिल्या तालमीत प्रेत दोन मिनिटांत शिंकलं. दुसऱ्या दिवशी कबुतराचं पीस नाकावर पडलं आणि मेलेल्या आईनं उठून कबुतराला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी उमाशंकर काका वाक्य विसरले आणि चादरीखालून आवाज आला, "काका, 'भिंत मी बांधली न्हाई' म्हणा."

"प्रेत बोलत न्हाई, लुंबिनी!" सर गरजले.

"मग काकाला सांगा ना विसरू नका म्हणून!"

आडून वाक्य सांगणारा माणूस सरांनी मंडळात ठेवलाच नव्हता. स्पर्धेत त्याचे गुण कापतात, आणि तसंही सरांच्या मते ती कुबडी. विसरलं तर तिथंच उभं राहायचं, घाम गाळायचा, आठवायचं.

पण सहा आठवड्यांत एक गंमत झाली. हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळे मिटलेले. मग करायचं काय? लुंबिनी ऐकायला लागली. दुसरा धंदाच नव्हता. जमिनीवर पडून तिला सगळं नाटक खालून ऐकू यायचं. काकांची डावी चप्पल कुठं करकरते, वर्षाताई कोणत्या वाक्याआधी श्वास घेते, अश्वजित कोणता शब्द रोज खातो. चोवीस पानं तिला अशी पाठ झाली, की तिनं झोपेत म्हटली असती. म्हणतही होती, असं तिची आई सांगायची.

आणि तिलाच नाही, सगळ्यांना ठाऊक होतं की नाटकात एक खड्डा आहे. पान सहा आणि पान सतरा. दोन्हीकडं धाकटा भाऊ विचारतो, "मग माईनं काय सांगितलं होतं?" सहाव्या पानावर थोरला म्हणतो, "माईनं सांगितलं होतं, विहिरीचं पाणी दोघांचं." तिथून विहिरीचं भांडण पेटतं आणि शेवटी थोरला रागानं पाण्याचा माठ फोडतो. सतराव्या पानावर तोच प्रश्न येतो, पण आता थोरला थांबतो आणि म्हणतो, "माईनं काहीच सांगितलं न्हाई. आपण कधी विचारलंच न्हाई." तिथून नाटक शेवटाकडं उतरतं. दोघं भाऊ आपापलं दार उखडतात, दोन दारं जोडून त्यावर आईला ठेवतात आणि रिकाम्या चौकटीतून नेतात.

तालमीत काका दहादा या खड्ड्यात पडले होते. सतराव्या पानावर सहाव्याचं उत्तर, की झालं, परत विहीर.

"सर, प्रश्न बदला की एक," अश्वजित म्हणायचा.

"न्हाई. प्रश्न तोच, उत्तर दुसरं. तिथंच माझं नाटक हाय."

म्हणून काकांनी लातूरला निघताना डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहून घेतलं: १७.

सकाळी सहाला भाड्याची क्रूझर जीप निघाली. टपावर दोन प्लायवूडची दारं बांधलेली, आत माठ वर्षाताईच्या मांडीवर लहान लेकरासारखा. अहमदपूरला चहाला थांबले तर टपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दारं विकायला चाललाव का?"

"न्हाई बाबा," अश्वजित म्हणाला, "भांडायला."

लुंबिनी तोवर तीनदा जागा बदलून चालकाच्या शेजारी पोचली होती. अंगात नुसत्या मुंग्या. तिनं गाडीतच ठरवलं होतं, की आजचा सगळा वळवळेपणा दुपारी बाराच्या आत संपवून टाकायचा. ती अहमदपूरला टपरीला चार फेऱ्या मारून आली. लातुरात उतरल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्या सात वेळा चढली-उतरली.

"काय करून राहिली गं?" वर्षाताई.

"रिकामी होऊन राहिले."

आत गेल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, मागचा पडदा अडकला होता, त्यामुळं रंगमंच चार फूट कमी. आईची सतरंजी पुढं ओढावी लागली, अगदी कडेला मांडलेल्या माइकपाशी. सरांनी बोट दाखवलं. "लुंबिनी, श्वास पण जपून. माइक तुझ्या उशाशी हाय."

दुसरी गोष्ट काकांना कळली. पडद्याच्या फटीतून त्यांनी बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा वर्षाताईनं लावलेल्या रंगाखालीही पांढरा पडला. पहिल्या रांगेत त्यांच्या गावाहून, लातूरजवळच्या मुरुडहून आलेली अकरा माणसं बसली होती, आणि मधोमध कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर पिशवी, अशी त्यांची आई, महादेवी अव्वा.

"अव्वा कशाला आली?" काका पुटपुटले. "तिला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच फोन केलाव की काका चार दिवसांमागं," अश्वजित म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून काय यायचंच असतंय का!"

'खटपट'ची एक रीत होती. नारळ फोडला की सगळ्यांनी खाली बसून रंगमंचाच्या फळ्यांवर तळहात टेकवायचा आणि आपापलं पहिलं वाक्य एकदा म्हणायचं. फक्त पहिलं. म्हणजे जीभ सुटते, असं सरांचं म्हणणं. काकांनी म्हटलं. अश्वजितनं म्हटलं. वर्षाताईनं म्हटलं. मग लुंबिनीची पाळी आली. ती हात टेकवून बसली, आणि वाक्यच नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं नुसताच हात उचलला.

त्यानंतर सगळ्यांनी खोबरं खाल्लं. काकांचे हात चिकट झाले. दुकानदार माणूस, चिकट हात त्यांना सहन होत नसत. ते नळावर गेले आणि साबण लावून स्वच्छ हात धुऊन आले. दोन्ही.

तिसरी घंटा झाली.

लुंबिनी मेली. आणि काय मेली! पहिली पाच मिनिटं तर तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता. डाव्या पोटरीत कळ आली, ती तिनं सतरापर्यंत पाढे म्हणून घालवली. नाकातला कापूस गुदगुल्या करत होता. मनातल्या मनात तिनं त्याला गंगाच्या भाषेत झापलं. 'ए, पुढं सरक, पुढं!' कापूस गप बसला. सहावं पान आलं, नीट गेलं. विहिरीचं भांडण पेटलं, आणि धाडदिशी माठ फुटला. एक खापरी तिच्या कानाशी येऊन पडली. ती हलली नाही. प्रेक्षकांतून एक बाई म्हणाली, "काय पडलीय बघ पोरगी, खरंच वाटायलंय." लुंबिनीला ओरडून आभार मानावेसे वाटले. मानले नाहीत. पंचवीस मिनिटं झाली असतील. गंगा आता हाताच्या अंतरावर होती. कमरेला तिकिटांची पेटी, खांद्यावर पट्टा.

सतरावं पान.

"मग माईनं काय सांगितलं होतं?" अश्वजित.

काका थांबले. बरोबर होतं, थांबायचंच होतं. पण इथं त्यांनी सतरंजीवरच्या आईकडं बघायचं होतं, आणि त्यांची चप्पल करकरली ती दुसऱ्या बाजूला, प्रेक्षकांकडं. ते खऱ्या आईकडं बघत होते. लुंबिनीला डोळे मिटूनही ते कळलं. मग बाहीची सळसळ झाली. काकांनी तळहात बघितला असणार. साबणानं धुतलेला, कोरा तळहात.

"माईनं सांगितलं होतं..." काका म्हणाले, "विहिरीचं पाणी दोघांचं."

हे तर सहाव्या पानाचं उत्तर!

अश्वजितच्या तोंडात सहा आठवड्यांची सवय. विहीर म्हटलं की त्याचं पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. त्याला काकांनी उत्तर दिलं. परत विहीर, परत मोटार, परत पाळी कुणाची. नाटक उलट्या दिशेनं निघालं होतं आणि कुणालाच ब्रेक सापडत नव्हता. वर्षाताईनं मधे घुसून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण विहिरीच्या भांडणात ती मंचावर अजून आलेलीच नसते, आणि इथं तर ती दहा मिनिटांपासून उभी! भांडण चढत चढत गेलं. काकांनी ठरल्याप्रमाणं आरोळी ठोकली, "मग कुणालाच नको पाणी!" आणि माठ फोडायला हात उचलला.

माठ नव्हता. माठ मघाशीच फुटला होता. पायाखाली खापऱ्या होत्या.

काकांचा हात तसाच वर राहिला.

नाट्यगृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. एक, दोन, तीन... लुंबिनी मोजत होती. विंगेत सर उभे होते, तिला त्यांचा दम्यासारखा श्वास कळत होता. ते काही सांगणार नव्हते, सांगता येत नव्हतं. अश्वजित गप. वर्षाताई गप. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. बारा, तेरा. मुरुडची अकरा माणसं श्वास रोखून बसली होती, आणि त्यांच्यासमोर वजिराबादचा भांडेवाला उमाशंकर हात वर करून, घामानं निथळत, हरवला होता.

आणि खाली पडलेल्या एका पोरीला ते वाक्य येत होतं. शब्द न् शब्द. जिभेवर येऊन बसलं होतं, धक्के मारत होतं. बोललं की गंगा गेली. दीपमाला त्या कोंबडीवाल्या म्हातारीला काय बोलणार, तिकीट फाडून देईल नुसतं, गपचूप. एकोणीस, वीस. प्रेत बोलत न्हाई, लुंबिनी. प्रेत बोलत न्हाई.

"आपण विचारलंच न्हाई," ती ओठ न हलवता पुटपुटली. अगदी हळू. फक्त काकांपुरतं.

पण माइक उशाशी होता. नाकात कापूस, घशात भीती, आणि वर दोन मोठे भोंगे. सगळ्या नाट्यगृहात एक म्हातारा, घोगरा, जमिनीतून आल्यासारखा आवाज फिरला: आपण विचारलंच न्हाई.

"मम्मी, मेलेली बोलली!" एक लहान पोर किंचाळलं.

कुणी हसलं नाही. काका दचकून वळले. त्यांनी पहिल्यांदा खाली बघितलं, सतरंजीकडं. मग त्यांचे गुडघे टेकल्याचा आवाज झाला, आणि अजिबात कुठल्याच पानावर नसलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं.

"काय म्हणालीस, माई?"

आता पुढं काय? लुंबिनीजवळ पान संपलं होतं. संपलं तर संपलं. गेली तर गेली. तिनं डोळे उघडले नाहीत, पण पांढऱ्या कापडातून हात बाहेर काढला आणि चाचपडत काकांचा घामेजलेला पंजा धरला.

"मी काहीच सांगितलं न्हाई रे," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच न्हाई."

काका रडले. नाटकात तिथं रडायचं लिहिलेलं नव्हतं. अश्वजितचाही आवाज फुटला, पण तो नीट, अठराव्या पानावर फुटला. "दादा, दार काढ तुझं. मी माझं काढतो." दारं निघाली, जोडली गेली. आईला उचलून त्यावर ठेवलं. चौघं लागतात म्हणून शेवटी सरही अंगावर शाल घेऊन आले आणि पायाकडची बाजू धरली. लुंबिनी त्यांच्या खांद्याच्या उंचीवरून, परत पक्की मेलेली, बाहेर गेली. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, पण तिला त्या कुणा दुसऱ्याच्या लग्नातल्या बँडसारख्या ऐकू येत होत्या.

विंगेत दारं खाली ठेवली. सर दारांची दोरी सोडून गुंडाळायला लागले.

परीक्षकांपैकी एक चष्मेवाले गृहस्थ आत आले. "ते आईचं बोलणं फारच अंगावर आलं हो. संहितेत आहे?"

"न्हाई," सर म्हणाले.

"मग ऐनवेळी सुचलं तुम्हाला?"

"मला न्हाई सुचलं. मी तर तिला बोलू नको म्हणून अट घातली होती." आणि परत दोरी.

मग महादेवी अव्वा आल्या. मुलाला ओलांडून सरळ लुंबिनीपाशी. तिच्या पावडर लावलेल्या गालावर हात फिरवून म्हणाल्या, "ह्याला शाळेत बी पुढचं आठवत नव्हतं गं माय. तू बरं केलंस." पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. मुलाला म्हणाल्या, "अन् तू रे, महिन्याला येत जा की. नाटकातच विचारतोस होय?"

लाडू गोड होता. लुंबिनीला गिळवत नव्हता.

परतीच्या वाटेवर आयुष्यात पहिल्यांदा ती खिडकीशी बसून राहिली आणि एक शब्द बोलली नाही. पाय मात्र चालू. अहमदपूर गेलं. निकाल दोन दिवसांनी कळणार होता, त्यावर सगळे बोलत होते. तिला निकालाचं काही नव्हतं. ती सरांच्या मानेकडं बघत होती. माणूस मानेवरून काही कळू देत नाही.

लोह्याला चहा झाला. वर्षाताईनं कप खाली ठेवला आणि तोंड उघडलं. "सर, पोरीचं काय?"

"काय म्हणजे?"

"गंगाचं."

"अट ठरली होती."

"अट मी मोडली, तिनं न्हाई," उमाशंकर काका म्हणाले. त्यांचा आवाज अजून बसलेला. "हात धुतले मी."

"ती तिसाव्या मिनिटापर्यंत पडली होती सर," अश्वजितही म्हणाला. आजवर तो तिच्या बाजूनं कधी बोलला नव्हता. "अर्ध्या आयुष्याचं गप बसली ती आज."

सरांनी सगळ्यांकडं बघितलं, मग लुंबिनीकडं. "तुला काय म्हणायचंय?"

लुंबिनीच्या तोंडावरचं जणू कुणी झाकण काढलं. "मला म्हणायचंय की मी परत तेच केलं असतं. उद्या पण करीन. अन् गंगा पण मलाच पाहिजे. दोन्ही. दीपमाला चांगली हाय, पण काका अडकले असते तर ती पडून राहिली असती अन् तुमची अट पाळली असती, अन् आपण सगळे आत्ता इथं तोंड पाडून बसलो असतो!"

"अट पाळली असती ना पण?" सर म्हणाले. "मग ऐक. लोहा ते नांदेड पाऊण तास. मागच्या सीटवर पड. हलली न्हाई, बोलली न्हाई, तर गंगा. एसटीत चुकलेल्या माणसाला दुसरी गाडी असते, तिसरी नसते."

मागची सीट रिकामी झाली. लुंबिनी आडवी झाली, अंगावर पांढरं कापड. गाडी निघाली. अश्वजितनं नाकाशी शेंगदाण्याचं टरफल फिरवलं; प्रेत ढिम्म. खड्ड्यात गाडी उसळली. प्रेत उसळलं आणि तसंच पडलं. सोनखेड गेलं. विद्यापीठाची कमान गेली असावी, कारण विद्यार्थी चढ-उतार करताना होतो तसा गलका झाला. आता विष्णुपुरी, मग गोदावरीचा पूल, मग संपलं. दहा मिनिटं. पुन्हा तीच गंगा, पुन्हा हाताच्या अंतरावर.

पुढून सरांचा आवाज आला. "उमाशंकर, पान सोळा. अश्वजित, सुरू कर. चुकीची वाट जिभेवर राहिली तर कायमची राहते. आज मोडूनच घरी जायचं."

दोघं म्हणायला लागले. चालत्या गाडीत, बसल्या जागी. सोळावं पान संपलं.

"मग माईनं काय सांगितलं होतं?"

काका थांबले. गाडीचं इंजिन घरघरत होतं. लुंबिनीनं कापडाखाली दात आवळले. म्हणा काका. काहीच सांगितलं न्हाई म्हणा. सोप्पंय.

"माईनं..." काका म्हणाले, "माईनं सांगितलं होतं, विहिरीचं..."

"काका! सतरा! अहो सतरावं पान हाय!"

ती उठून बसली होती. कापड चालकाच्या डोक्यावर जाऊन पडलं होतं. गाडी कडेला घेऊन चालकानं करकचून ब्रेक मारला.

लुंबिनीनं तोंडावर हात ठेवला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. तिचे डोळे भरून आले.

पुढच्या सीटवर सरांचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं, खोकतायत. मग ते वळले, आणि एसटीच्या आवाजात, सगळ्या विष्णुपुरीला ऐकू जाईल असं हसले.

"वर्षा, दीपमालाला निरोप दे," ते डोळे पुसत म्हणाले. "पुढच्या प्रयोगापासून प्रेत तिनं करायचं. ही पोरगी मरायच्या कामाची न्हाई, मेल्यावर पण समोरच्याचं ऐकत राहते."

"म्हणजे?" लुंबिनी म्हणाली. "म्हणजे सर? म्हणजे गंगा?"

सरांनी पिशवीतून वही काढून मागं फेकली. ती अश्वजितनं झेलली, काकांकडं दिली, काकांनी दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवली.

गाडी पुन्हा निघाली. पुलावर चढली. लुंबिनी सीटवरून खाली उतरली, दोन रांगांच्या मधे उकिडवी बसली आणि क्रूझरच्या थरथरणाऱ्या, धुळीनं माखलेल्या पत्र्यावर तळहात टेकवला. सगळ्यांनी बोलणं थांबवलं.

"चला, पुढं सरका, पुढं सरका," ती म्हणाली, "भोकर गाडी निघाली!"